रेवाची गोष्ट कुठे संपवावी? (मुलांच्या कादंबरीविषयी सल्ला हवा आहे)

अंबाझरीकाठी

नमस्कार. नागपुरातील एका मराठी शाळेत एकतीस वर्षे भाषा शिकवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गेले चौदा महिने मी नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहीत आहे. तिची अठरा प्रकरणे लिहून झाली आहेत आणि एकोणिसावे, म्हणजे शेवटचे, काही केल्या जमत नाही. येथे मुलांसाठी लिहिणारे आहेत, मुलांना वाचून दाखवणारे आहेत आणि ज्यांच्या घरात हा विषय रोज जगला जातो असेही सदस्य आहेत, म्हणून हा धागा उघडत आहे.

कादंबरीची नायिका रेवा दहा वर्षांची आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात ती आईवडील, आजी आणि आत्या यांच्याबरोबर राहते. मार्च महिन्यात वडिलांच्या स्कूटरवरून शिकवणीला जाताना त्यांना ट्रकचा धक्का लागतो आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागतो. कथा त्या मार्चपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालते. नववे प्रकरण मी गेल्या महिन्यात येथेच दिले होते.

ही गोष्ट मी का लिहीत आहे तेही सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा असाच अपघातानंतर पाच महिन्यांनी परत आला. मी त्याला पहिल्या बाकावर बसवले, त्याचे दप्तर उचलायला एक मुलगा नेमला, आणि खेळाच्या तासाला त्याला कडुनिंबाखाली पाण्याच्या बाटल्या राखायला बसवू लागले. मला वाटत होते की मी त्याची काळजी घेत आहे. एके दिवशी वर्गाच्या खिडकीतून मैदानाकडे पाहिले, तेव्हा लंगडीचा खेळ रंगात आला होता. एकामागून एक मुले राज्य घेऊन एका पायावर उड्या मारत होती, आणि ज्याला खरोखर एकच पाय होता तो मुलगा बाटल्यांजवळ बसून त्यांच्याकडे पाहत होता. ते दृश्य पाहूनही मी दुसऱ्या दिवशी त्याला तेथेच बसवले. त्याचे काय चुकले होते आणि माझे काय चुकत होते, हे कळायला मला फार वर्षे लागली.

आता अडचण सांगते. शेवटचे प्रकरण मी तीनदा लिहिले. पहिल्या खर्ड्यात रेवा शाळेच्या क्रीडा महोत्सवात धावते आणि पहिली येते. दुसऱ्यात ती स्नेहसंमेलनात नाचते आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते. तिसऱ्यात ती आजीला म्हणते, "आता मला काहीच कठीण वाटत नाही." तिन्ही मी फाडले. लिहिताना डोळे भरून येत होते, पण दुसऱ्या दिवशी वाचले की कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले निकालपत्र वाचल्यासारखे वाटत होते.

दुसरी शंका मारबतीच्या प्रकरणाविषयी आहे. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून दोरीने ओढत घरोघर जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ मिळतो. त्याच दिवशी शहरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्या देत त्या मूर्ती शहराबाहेर नेऊन जाळतात. माझ्या पंधराव्या प्रकरणात आत्या रेवाला मिरवणुकीला नेते आणि प्रेमाने सांगते, "तूही म्हण, माझी पीडा घेऊन जा." रेवा म्हणत नाही, कारण तिला प्रश्न पडतो की मारबतीने नेमके काय न्यायचे. पाय तर आधीच गेलेला आहे, मग उरलेली पीडा म्हणजे ती स्वतःच की काय? हे प्रकरण दहा वर्षांच्या वाचकासाठी फार जड आहे, असे माझ्या एका मैत्रिणीचे मत आहे. ते ठेवावे की काढावे?

साचेकार

ताई, मी कृत्रिम अवयव बनवण्याचे काम करतो. कथेच्या शेवटाविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही, पण नवव्या प्रकरणात रेवाला पाय मिळतो आणि दुसऱ्या दिवशी ती तो लावून शाळेत जाते, ते मात्र बदलावे अशी कळकळीची विनंती आहे. कारण खरी गोष्ट त्या मधल्या दिवसांतच घडते.

शस्त्रक्रियेची जखम भरली की स्टंपला, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या टोकाला, इलॅस्टिक पट्टी बांधून सूज उतरवावी लागते आणि त्याला आकार द्यावा लागतो. मग आम्ही प्लास्टर ऑफ पॅरिसने त्याचा साचा घेतो, त्यावरून सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा पोकळ भाग, तयार होते, आणि मूल समांतर दांड्यांना धरून पहिले पाऊल टाकते. पहिल्या वर्षात स्टंप सतत बारीक होत जातो. सकाळी जे सॉकेट घट्ट बसते ते संध्याकाळी सैल पडते, म्हणून आत मोजे वाढवावे लागतात. माझ्याकडे येणारी मुले स्वतःच सांगतात, "काका, आज तीन मोज्यांवर आलो." मोजे फार झाले की नवे सॉकेट करायचे. शिवाय मूल वाढत असते. उजवा पाय वाढतो, कृत्रिम पाय आपोआप वाढत नाही, त्यामुळे त्याची उंची वाढवावी लागते आणि दर वर्षा-दीड वर्षाने बराचसा भाग नव्याने करावा लागतो. काही मुलांच्या स्टंपमधले हाड कातडीपेक्षा वेगाने वाढते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. रेवा मोठी होईपर्यंत हे चालणारच आहे. एक पाय मिळाला आणि प्रश्न सुटला, असे होत नाही.

दुसरे, आपल्या नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा सॉकेटमध्ये घाम साचतो, कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतात. दिवसातून दोन-तीनदा पाय काढून, पुसून, कोरडा करून पुन्हा लावावा लागतो. तो कुठे काढायचा, कोणासमोर काढायचा, हा दहा वर्षांच्या मुलीपुढचा फार मोठा प्रश्न आहे. त्यावर एक अख्खे प्रकरण होईल.

रेवा नसलेल्या अंगठ्याला खाज सुटल्याचे सांगते आणि आई घाबरते, हा प्रसंग मात्र तुम्ही अगदी अचूक लिहिला आहे. अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ मध्ये या अनुभवाला 'फँटम लिंब', म्हणजे आभासी अवयव, हे नाव दिले, आणि १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी साध्या आरशाचा उपयोग करून नसलेल्या अवयवातली वेदना कमी करण्याची पद्धत पुढे आणली. साबूत पायाचे प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि तो पाय हलवायचा. रेवाच्या वाड्यात आजीच्या जुन्या कपाटाला आरसा असेलच.

आणि शक्य झाल्यास जयपूर फूट हा आपल्याकडचा कृत्रिम पाय कसा घडला ते एखाद्या पात्राच्या तोंडी घाला. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. पी. के. सेठी यांनी तो घडवला. परदेशी पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेला होता. आपल्या माणसाला उकिडवे बसायचे असते, मांडी घालायची असते, अनवाणी चालायचे असते, शेतात चिखलात उतरायचे असते. त्या दोघांनी माणसाचे बसणे-उठणे पाहून पाय बदलला. मला माझ्या कामातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

जुनी पाने

मी गेली बावीस वर्षे एका वाचनालयाचा बालविभाग सांभाळते. तुमचे तिन्ही शेवट तुम्हाला खोटे का वाटले, याचे एक कारण मला आमच्या कपाटातच सापडते.

चालता न येणारी मुले बालसाहित्यात दीडशे वर्षांपासून आहेत. सुसान कूलिज यांच्या १८७२ च्या कादंबरीतील केटी झोपाळ्यावरून पडते, चार वर्षे अंथरुणावर काढते, त्या काळात धांदरटपणा सोडून शांत आणि समजूतदार होते, आणि मग चालू लागते. जोहाना स्पायरी यांच्या 'हायडी'चा पहिला भाग १८८० मध्ये आणि दुसरा १८८१ मध्ये आला. त्यातील क्लाराची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून दिली जाते, आणि आल्प्सची हवा व शेळीचे दूध यांच्या बळावर ती उभी राहते. १९११ च्या 'द सीक्रेट गार्डन'मधला कॉलिन बागेत जाऊ लागतो, मनातली भीती टाकतो आणि वडिलांसमोर धावत येतो. ही पुस्तके मी लहानपणी अतोनात प्रेमाने वाचली आहेत आणि आजही मुलांच्या हाती देते. पण काही वर्षांपूर्वी एका मुलीने मला जे विचारले त्यानंतर ती देताना माझा हात थोडा थबकतो.

ती मुलगी पोलिओमुळे कॅलिपर लावत असे. 'हायडी' परत करताना तिने विचारले, "क्लारा चांगली होती म्हणून बरी झाली का?" मी म्हटले, "नाही ग, हवा चांगली होती म्हणून." ती म्हणाली, "मग मला तिकडे नेले तर?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. या गोष्टींत बरे होणे हे चांगल्या वागण्याचे, धैर्याचे किंवा आनंदी राहण्याचे बक्षीस म्हणून येते, आणि ज्या मुलाचा पाय कधीच परत येणार नाही ते मूल त्याचा सरळ अर्थ काढते की आपण पुरेसे चांगले नव्हतो. रेवाला क्रीडा महोत्सवात पहिली आणली तर तेच बक्षीस निराळ्या कागदात गुंडाळून दिल्यासारखे होईल. पाय मिळाला नाही, निदान पदक तरी मिळाले.

मराठीत या अनुभवावर प्रौढांसाठी चांगले लेखन आहे. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मोठ्या मुलांनाही मी देते. लहान मुलांसाठीच्या कपाटात मात्र अशा मुलाच्या रोजच्या दिवसाची गोष्ट मला शोधावी लागते, आणि मागणारी मुले येतात. म्हणून तुमची कादंबरी लवकर पूर्ण व्हावी, ही स्वार्थी इच्छा आहे.

गोष्टीवेल्हाळ

जुनी पाने, आपला अनुभव मनाला लागला, तरी मी थोडे वेगळे मांडू इच्छिते. मी दर रविवारी त्रिमूर्तीनगरमध्ये मुलांना गोष्टी वाचून दाखवते. मुलांना शेवटी काहीतरी मिळावे लागते. गोष्ट अधांतरी संपली की ती लगेच विचारतात, "मग?" आणि ज्या मुलाने नुकताच पाय गमावला आहे त्याच्या हाती आपण विजय नसलेले पुस्तक द्यायचे का? मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक त्यांनी जिंकले. अरुणिमा सिन्हा यांनी २०११ मध्ये रेल्वेतून फेकले गेल्यावर पाय गमावला आणि २०१३ मध्ये त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या. हे खरोखर घडले आहे. मग रेवाने जिंकणे खोटे कसे? मला भीती वाटते की खरेपणाच्या आग्रहात आपण मुलांची आशा काढून घेऊ.

टेकू

मी हा धागा कालपासून तीनदा वाचला. नवव्या वर्षी माझा उजवा पाय गेला. आज मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, मानेवाड्याला राहतो आणि हिशेबनीस म्हणून काम करतो. अंबाझरीकाठी ताई, तुमच्या वर्गातला तो मुलगा मी नव्हे, पण बाटल्या मीही राखल्या आहेत.

गोष्टीवेल्हाळ ताईंना आधी उत्तर देतो. पेटकर आणि सिन्हा यांच्याविषयी मला अपार आदर आहे. परंतु लहानपणी नातेवाईक मला अशा प्रत्येक माणसाची कात्रणे आणून देत, आणि दर कात्रणाबरोबर माझ्यावरचे कर्ज वाढत असे. माझ्या चुलतभावाला दोन्ही पाय होते आणि त्याने गणितात बेचाळीस गुण मिळवले तरी कोणी त्याच्यापुढे एव्हरेस्टचे कात्रण ठेवले नाही. मला साधे बेचाळीस गुण मिळवण्याचीही मुभा नव्हती. रेवाकडून पदक मागू नका. तिला सामान्य राहू द्या. माझ्यासारख्या मुलाला त्यातच मोठी आशा दिसली असती.

आता घराविषयी. तुम्ही रेवाला वाड्याशी जुळवून घेताना दाखवले आहे. उंच उंबरठे, अंगणापलीकडचे न्हाणीघर, माडीचा अरुंद जिना, हे सगळे नेमके उतरले आहे. पण वाडा रेवाशी जुळवून घेताना मला कुठे दिसला नाही. आमच्या घरी सगळे जमिनीवर पाटावर जेवत असत. मी इस्पितळातून आलो तेव्हा मला एकट्याला खुर्ची-टेबल दिले आणि मी वरून सगळ्यांच्या डोक्यांकडे पाहत जेवू लागलो. चार दिवसांनी आजोबा, ज्यांनी जन्मभर पाटाशिवाय अन्न घेतले नव्हते, आपले ताट घेऊन माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसले. कोणी काही बोलले नाही. त्या आठवड्यात बाबांनी दोन खुर्च्या उसन्या आणल्या आणि सगळे घर टेबलावर जेवू लागले. मी पाय लावून मांडी घालायला शिकलो तेव्हा आजोबा पुन्हा पाटावर गेले. माझ्या आयुष्यात जुळवून घेणे या शब्दाचा अर्थ तो आहे.

मारबतीचे प्रकरण कृपा करून काढू नका. मी नऊ वर्षांचा असताना बाबांच्या खांद्यावर बसून ती मिरवणूक पाहिली आणि शेजारच्या काकूंनी मला तेच सांगितले होते जे तुमची आत्या सांगते. त्यांचे माझ्यावर प्रेम होते. मला रात्री वाटत राहिले की शहराबाहेर जे जाळले त्यात मीही थोडा होतो. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. दहा वर्षांच्या मुलाला हा विचार जड जाईल असे तुमच्या मैत्रिणीला वाटते, पण मुलाच्या मनात तो आधीच असतो. पुस्तकात सापडला तर निदान दुसऱ्या कोणालाही तो आला होता हे त्याला कळेल. फक्त आत्याला दुष्ट करू नका.

आणि तान्ह्या पोळ्याचा एक तपशील. त्या वर्षी फोड आल्यामुळे माझा पाय काढून ठेवलेला होता. दोन्ही हात कुबड्यांवर, मग बैलाची दोरी धरायची कशी? आईने बैल दुसऱ्या मुलाकडे द्यायला सांगितले. मी ती दोरी डाव्या कुबडीला खालच्या बाजूला बांधली. कुबडी पुढे टाकली की बैल झटक्याने पुढे येई, मी उडी घेतली की थांबे. सगळ्यांचे बैल सरळ चालत आणि माझा थांबत-थांबत. सात घरे फिरलो. बोजारा किती मिळाला ते आठवत नाही, पण गाठ कोणती मारली होती ते आठवते.

साचेकार

टेकू दादा, हे वाचून काम थांबवून बसलो. ताई, कथेतही ते बसते. मेमध्ये साचा, जूनमध्ये पहिला पाय, पावसाळ्यात स्टंप बारीक होऊन सॉकेट सैल, त्यामुळे श्रावणात फोड आणि पोळ्याला पाय काढून ठेवलेला. हा क्रम अगदी खरा आहे.

पळसफूल

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, तो चाकांची खुर्ची वापरतो आणि त्याचे बोलणे समजायला ऐकणाऱ्याला थोडा वेळ द्यावा लागतो. हा धागा मी त्याला दोन संध्याकाळी वाचून दाखवला.

आधी माझे थोडेसे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, जो एप्रिल २०१७ पासून लागू आहे, १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले, आणि शाळेची इमारत, आवार व सुविधा अशा मुलांना वापरता येतील अशा असल्या पाहिजेत असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तरीही माझ्या मुलाच्या आधीच्या शाळेत त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. मी वर्ग खाली आणण्याची विनंती केली तेव्हा मला सांगण्यात आले की एका मुलासाठी चाळीस मुलांची गैरसोय करता येणार नाही. टेकू दादांच्या आजोबांनी कोणताही कायदा वाचला नव्हता. तुमच्या कादंबरीत रेवाची शाळा जुळवून घेते का, हे मला वाचायला आवडेल, आणि नसेल घेत तर रेवाच्या आईने मुख्याध्यापकांसमोर बसून तो कायदा वाचून दाखवावा असेही वाटते.

आता मुलाने सांगितलेले, त्याच्याच क्रमाने. पहिले, रेवा फार चांगली आहे. तिने एकदा तरी पाय दुखण्याचे खोटे कारण सांगून गृहपाठ टाळला पाहिजे, कारण तो स्वतः असे करतो. (हे मला आजच कळले.) दुसरे, तिला कोणी "लंगडी" म्हटले तर लेखिकेने लगेच त्या मुलाला शिक्षा करू नये, रेवाला काय वाटले ते आधी लिहावे. तिसरे त्याने विचारले तो प्रश्न मी जसाच्या तसा देते. "लंगडीत वर धरलेला पाय खाली टेकला की आपण बाद होतो. रेवाने कृत्रिम पाय काढून ठेवला तर तिचा दुसरा पाय टेकणारच नाही. मग ती बाद कशी होणार?"

जुनी पाने

हा प्रश्न मी आज बालविभागात जमलेल्या अकरा मुलांपुढे ठेवला. पाऊण तास भांडण झाले. एकाचे म्हणणे, रेवाला राज्य देऊच नये, ती कधीच बाद होणार नाही, हा अन्याय आहे. एक मुलगी म्हणाली, तिचा हात जमिनीला लागला की बाद धरावे. दुसरा म्हणाला, हात तर कोणाचाही लागतो, मग सगळ्यांनाच तो नियम लावा. एकाही मुलाने तिला बाटल्यांजवळ बसवा असे म्हटले नाही.

साचेकार

एक काळजी नोंदवून ठेवतो. साबूत पायावर उडी मारण्यास हरकत नसते, तोल सांभाळण्याचे व्यायाम आमच्याकडेही करून घेतात. पण पडल्यावर स्टंप उघडा जमिनीवर आपटला तर इजा होते. रेवाने गुडघ्याला आणि स्टंपला जाड पॅड बांधलेले दाखवा आणि खेळ मऊ मातीत होऊ द्या. वाचून कोणी मूल तसे करायला जाईल, तेव्हा पॅड बांधायचे हे त्याला माहीत असले पाहिजे.

गोष्टीवेल्हाळ

मी माझा आग्रह सोडते. रविवारी मुलांना हाच प्रश्न विचारला आणि शेवटी मला पदकाची आठवणही राहिली नाही. एक शंका तेवढी आहे. पात्रांच्या तोंडी नागपुरी बोली ठेवणार का? माझ्याकडच्या मुलांनी तो वाद "तू काय करून राहिली, बाद झाली ना तू!" अशाच भाषेत घातला, आणि प्रमाण मराठीत तो मला सांगताच येत नाही.

टेकू

ताई, शेवटी फक्त तिला जिंकवू नका. तिला बाद होऊ द्या. मला कोणी कधी बाद केले नाही. माझ्याजवळ आले की मुले मुद्दाम हात आखडता घेत, आणि ते मला इतर सगळ्यापेक्षा जास्त लागले.

अंबाझरीकाठी

सर्वांना उत्तर एकत्र लिहीत आहे, कारण चार दिवस मी येथे न येता लिहीत होते.

नववे प्रकरण काढून टाकले आणि त्याच्या जागी तीन प्रकरणे आली. एक साच्याचे, एक मोज्यांचे, आणि एक जून महिन्यातल्या त्या दुपारचे, जेव्हा रेवाला मावशीच्या लग्नात घामाने भिजलेला पाय काढायचा असतो आणि दार लागणारी एकही खोली सापडत नाही. आजीच्या कपाटाचा आरसाही आला. टेकू दादा, तुमच्या आजोबांचे ताट मी रेवाच्या आजीच्या हाती दिले आहे. आपली परवानगी नसेल तर काढीन. मारबतीचे प्रकरण राहील, आत्या प्रेमळच राहील, आणि दुसऱ्या दिवशी रेवा तिला विचारते, "पीडा म्हणजे मी का?" आत्या त्यावर लगेच काही बोलू शकत नाही. ती रेवाची वेणी घालत असते, ती अर्धीच सोडून तिला जवळ घेते. बोली मुलांच्या तोंडी राहील, निवेदन प्रमाण मराठीत. "दिव्यांग" हा शब्द कागदपत्रांत आणि आईच्या अर्जात येतो. मैदानावर मुले जे म्हणतात तेच म्हणतात.

पळसफूल ताई, गृहपाठाचे खोटे कारण अकराव्या प्रकरणात घातले आहे. रेवाची आई अर्ज घेऊन शाळेत जाते आणि वर्ग खाली येतो, पण पहिल्या भेटीत नाही, तिसऱ्या भेटीत. आणि शेवटचे प्रकरण तुमच्या मुलाच्या प्रश्नाने सुरू होते. खेळाचा तास त्या प्रश्नावरच्या भांडणात जवळजवळ संपून जातो. शेवटी हाताचा नियम सगळ्यांना लागू करायचे ठरते. रेवा पाय काढून कडुनिंबाखाली बाटल्यांशेजारी ठेवते, गुडघ्याला पॅड बांधते आणि राज्य घेते. ती एकाला बाद करते, दुसऱ्याच्या मागे जाताना तिचा तोल जातो आणि हात मातीला लागतो. सगळी मुले एका आवाजात "बाद!" म्हणून ओरडतात. रेवा म्हणते की हात टेकला नव्हता, नुसता लागला होता, आणि ती मैदान सोडायला तयार नाही. त्यावर भांडण चालू असतानाच घंटा होते.

पुढच्या महिन्यात काही मुलांसमोर पूर्ण कादंबरी वाचायची आहे. जे सभागृह ठरत होते ते पहिल्या मजल्यावर आहे आणि तेथे लिफ्ट नाही, म्हणून ते रद्द करून तळमजल्यावरची एक लहान खोली घेतली आहे. दारात एक पायरी आहे, तिच्यावर टाकायला सुताराकडून लाकडी उतार करून घेत आहे. पळसफूल ताई, चाकांच्या खुर्चीची रुंदी मला कळवाल का?

पळसफूल

पंचवीस इंच. तो विचारतो आहे की रेवा खरेच बाद होती की नव्हती.